सबवूफर आणि सासऱ्यांच्या खोलीतलं इंजिन

ऑफिसमधला एक मित्र कायमचा परदेशी जायला निघाला तेव्हा त्याने घरातल्या वस्तू वाटून टाकल्या. कुणाला मिक्सर मिळाला, कुणाला कुंड्या. माझ्या वाट्याला सबवूफर आला. काळा, चौकोनी, गुडघ्याएवढा खोका. गाण्यातला अगदी खालचा, खर्जाचा आवाज तेवढा हा काढतो. आमच्या ऐरोलीच्या फ्लॅटमध्ये माझी जुनी सिस्टीम होती, एक अ‍ॅम्प्लिफायर आणि शोकेसमध्ये मावतील असे दोन स्पीकर. त्यांच्यातून तबल्यातला डग्गा नीट ऐकू येत नाही अशी माझी फार वर्षांची तक्रार. मित्र म्हणाला, "हा लाव, मग बघ. घर बदलल्यासारखं वाटेल."

मी तो सोफ्यामागच्या कोपऱ्यात ठेवला. दुसरीकडे जागाच नव्हती. वायरी जोडल्या, हिरवा दिवा लागला, मी सोफ्यावर बसलो आणि एक आवडती ठुमरी लावली.

काहीच फरक नाही.

उठून खोक्याला हात लावला. तो थरथरत होता, म्हणजे चालू होता. परत येऊन बसलो. डग्गा पूर्वीसारखाच, कुणी पुठ्ठ्यावर टिचकी मारावी तसा. मागची बटणं फिरवली. एक छोटा खटका होता, तो खाली-वर करून पाहिला. आवाज वाढवला. मित्राला फोन केला तर तो म्हणाला, "वायर उलटी लागली असेल." ती उलटी केली. इंटरनेटवर एकाने लिहिलं होतं, खोका कोपऱ्यातच हवा; दुसऱ्याने लिहिलं होतं, कोपऱ्यात कधीच नको. मुलगी कॉलेजमधून आली, तिला विचारलं. ती मिनिटभर ऐकून म्हणाली, "बाबा, मला तर आधीपण ठीकच वाटत होतं."

त्याच आठवड्यात सासऱ्यांना इंजिन ऐकू यायला लागलं.

माझी बायको दिवाळे गावची, कोळ्यांच्या घरातली. सासऱ्यांनी जन्मभर मासेमारी केलेली, स्वतःची बोट होती. सासूबाई गेल्यावर आणि गुडघे धरल्यावर ते आमच्याकडे राहायला आले, कारण आमच्याकडे लिफ्ट आहे. हॉलच्या मागची खोली त्यांची. ऐकायला कमी येतं, त्यामुळे आमच्यात फार बोलणं होत नसे. त्यांच्या पुढ्यात मी चहा ठेवायचो, ते मान हलवायचे.

एका संध्याकाळी ते दाराशी येऊन उभे राहिले. "पावनं, कोनाची होरी हाय ती? इंजान चालू ठेवून कुठं गेलाय?"

मी गाणं बंद केलं आणि कान देऊन ऐकलं. कसलीच होडी नाही. खाडी आमच्यापासून तशी लांबच आहे, आणि मध्ये कांदळवन. मी म्हटलं, "बाबा, मला तर काही येत नाही ऐकू."

त्यांनी पण कान दिला. मग म्हणाले, "बंद केलंन वाटतं," आणि आत गेले.

पुन्हा दोन दिवसांनी तेच. मग रोजच. बायकोला वाटलं, सोसायटीचा पाण्याचा पंप असेल. मी खाली जाऊन वॉचमनकडून पंपाची खोली उघडून घेतली. पंप बंद होता. वरच्या मजल्यावरच्यांना विचारलं, तुमचं वॉशिंग मशीन का? त्या बाईंनी मला आत बोलावून त्यांचं मशीन दाखवलं, ते महिनाभर बिघडलेलं होतं. मी परत आलो, सोफ्यावर बसलो, आणि डग्गा अजून येत नाही म्हणून मागचं बटण आणखी थोडं फिरवलं.

"आज जवल आलीय," सासरे आतून म्हणाले.

बायकोचा चेहरा उतरला. स्वयंपाकघरात तिने मला हळूच विचारलं, "त्यांच्या डोक्याचं काही झालं नसेल ना?" तिच्या एका काकांचं म्हातारपणी तसं झालं होतं. मी म्हटलं, टेन्शन घेऊ नकोस, आधी कान दाखवू.

कानाच्या डॉक्टरांनी त्यांना काचेच्या खोलीत बसवून तपासलं. बारीक, उंच आवाज जवळजवळ गेलेत, म्हणाले, जाड आवाज मात्र वयाच्या मानाने उत्तम येतात. आणि इंजिन? "या वयात कान वाजतात. बाहेर काही नसतं, कानच वाजतो."

हे सासऱ्यांनी बरोबर ऐकलं. रिक्षात ते एकदम बोलले, "कान वाजतो म्हंजे? मी काय येडा हाय? इंजान आनि कान मला कलत नाय?" बायकोने त्यांचा हात धरला. 

रविवारी सकाळी त्यांच्या खोलीतला पडद्याचा दांडा निघाला. मी स्टुलावर चढून तो बसवत होतो, हॉलमध्ये मुलीने तिचं काहीतरी लावलं होतं. माझ्या हातातला स्क्रू खाली पडला आणि त्यांच्या कॉटच्या उशाकडे गेला. मी खाली वाकलो, गुडघे टेकले, कॉटच्या कडेला हात ठेवला.

आणि तिथे तो होता. मी इतके दिवस शोधत होतो तो खर्ज. गोल, भरलेला, छातीत शिरणारा. कॉटचं लाकूडही थरथरत होतं. मी डोकं दोन हात मागे नेलं, आवाज कमी झाला. पुढे आणलं, परत आला.

सासरे कॉटवर बसून माझ्याकडे पाहत होते. "आयकलं?"

"आयकलं," मी म्हटलं.

मला हसावं की काय करावं ते कळेना. बायकोला हाक मारली. तीही वाकली, ऐकलं, आणि सरळ उभी राहून माझ्याकडे बघत म्हणाली, "आपण त्यांना डॉक्टरकडे नेलं! त्यांचं डोकं तपासायला निघालो होतो!" मी तिला समजावू लागलो, की आवाजाच्या लाटा भिंतीवरून परततात, कुठे साचतात, कुठे एकमेकींना खाऊन टाकतात. हे मी इंटरनेटवर वाचलं होतं, पण आमच्या घरात तसं होत असेल हे मनातही आलं नव्हतं. ती माझं बोलणं अर्ध्यावर सोडून वडिलांना सांगायला लागली, "बाबा, ती होरी नव्हती. याच्या गाण्याचा आवाज होता."

"गान्याला इंजान कशाला लागतं?"

"इंजिन नाही बाबा," मी म्हटलं. "गाण्याच्या खालचा आवाज. त्यासाठी तो खोका आणलाय."

"तुमाला आयकू येत होता?"

"नाही."

"मंग लावला कशाला?"

मी स्क्रू उचलला आणि परत स्टुलावर चढलो.

दुपारी मित्राला पुन्हा फोन केला. त्याने एक युक्ती सांगितली. खोका सोफ्यावर ठेवायचा, जिथे आपण बसतो तिथेच, गाणं लावायचं, आणि आपण घरभर रांगत फिरायचं. जमिनीजवळ जिथे आवाज चांगला वाटेल तिथे खोका न्यायचा. आम्ही तसं केलं. खोका पाहुण्यासारखा सोफ्यावर बसला आणि आम्ही तिघं फरशीवर. बायको म्हणाली, चपलांच्या रॅकजवळ छान येतोय. मुलीला बाल्कनीच्या दाराशी आवडला. मला फ्रिजपाशी. तिघंही एकमेकांच्या जागी जाऊन आलो आणि तिघांचीही मतं बदलली. सासरे दारात काठी टेकून उभे होते. बराच वेळ बघून त्यांनी नातीला विचारलं, "काय हारवलं काय?" ती फरशीवरच लोळून हसली.

शेवटी बाल्कनीजवळ ठेवला. मी सोफ्यावर बसलो. ठुमरी लावली. डग्गा आला, खराच आला. बायको आत जाऊन कॉटला हात लावून उभी राहिली आणि तिथून ओरडली, "इथे काही नाही!" सासऱ्यांना विचारलं तर त्यांनी कान दिला आणि मान हलवली. नाही येत.

मिटलं असं आम्हाला वाटलं. बायकोने डॉक्टरांवर राग काढला, शेजारच्या बाईंना सगळं रंगवून सांगितलं. आपल्या वडिलांचं डोकं ठणठणीत आहे हे ती ज्याला त्याला सांगत होती.

मग एका दुपारी लाईट गेली. सगळ्या बिल्डिंगची. पंखे थांबले, फ्रिज थांबला, खोक्याचा हिरवा दिवा विझला. घर इतकं शांत कधी नसतं. मी घरूनच काम करत होतो. सासरे खोलीतून म्हणाले, "परत आली बग."

मी आत गेलो. "काय आलं बाबा?"

"इंजान."

मी कॉटवर त्यांच्याशेजारी बसलो. लाकडाला हात लावला. वाकून उशाकडे कान नेला. काही नाही. खिडकीबाहेर कावळे होते, खाली कुणीतरी गाडीचं दार लावलं, एवढंच. तरी मी बराच वेळ ऐकत राहिलो, आणि खरं सांगायचं तर एकदा मला वाटलं की येतंय. नंतर नाही वाटलं.

"तीच का बाबा? आधीची?"

त्यांनी विचार केला. डोळे मिटून घेतले. "नाय. ही येगली. ही लांबची हाय."

बायको शाळेत शिकवते; ती घरी आल्यावर तिला सांगावं की नाही, यात माझा एक दिवस गेला. सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे डॉक्टर बरोबर होते?" मला माहीत नव्हतं. आधीच्या त्या आठवड्यांतलं किती खोक्याचं आणि किती त्यांचं, हे आता कसं कळणार? कदाचित ही लांबची पहिल्यापासूनच होती आणि जवळचीच्या आवाजात त्यांना कळली नसेल. कदाचित माझ्याच खोक्याने ती त्यांच्या कानात सुरू करून दिली. डॉक्टरांना हेही विचारलं. ते म्हणाले, तसं नसतं. पण काय असतं ते त्यांनी नीट सांगितलं नाही.

सासऱ्यांना मात्र काही वाटत नसावं. बायकोने एकदा त्यांना विचारलं, "बाबा, त्रास होतो का त्याचा?"

"त्रास कसला, बाय? जाते ती तिच्या वाटंनं."

आता खोका बाल्कनीपाशीच आहे. मुलगी मैत्रिणींना सांगते, आमच्याकडे फुल बास आहे. मी रविवारी सोफ्यावर बसतो, ठुमरी लावतो, डग्गा येतो. तो चांगला आहे की जरा जास्तच आहे, हे मला ठरवता येत नाही. मग मी मागचं बटण थोडं कमी करतो आणि परत येऊन बसतो.