स्पीकरवरचं उत्तर

वसईची जेसिंता तुस्कानो कॅनडात हॅलिफॅक्समधल्या एका वृद्धाश्रमात आजी-आजोबांची देखभाल करायची. चार वर्षं तिचं एल्ड्रिनवर प्रेम होतं. तो तिथेच सॉफ्टवेअरमध्ये, गोव्यातल्या मोठ्या भाटकारांचा, म्हणजे जमीनदारांचा मुलगा. पोर्तुगीज राजवटीत त्यांना किताबही मिळाला होता. "ममाला योग्य वेळी सांगतो," असं तो दर ख्रिसमसला म्हणायचा.

त्या उन्हाळ्यात गोव्याहून फादर आनाक्लेतो महिनाभरासाठी चर्चमध्ये राहायला आले. म्हातारे, मायाळू. जेसिंता ड्युटी संपवून त्यांच्याकडे जायची आणि तिथल्या स्वयंपाकघरात भात, माशाची आमटी करून द्यायची.

एके दिवशी जेवताना फादर खुशीत सांगू लागले, "अशा घराण्यांची लग्नं आमच्यामार्फतच जुळतात, बाय. आईबाप एकमेकांकडे शब्द टाकायला संकोचतात, मग फादरला पाठवतात. परवाच एक जुळत आणलं. मुलगा इथलाच आहे, एल्ड्रिन."

जेसिंताच्या हातातला डाव आमटीत पडला.

"फादर, तो आणि मी लग्न करणार आहोत."

त्यांनी ताट बाजूला सारलं. "त्याने मला सांगितलं नाही."

"आईला घाबरतो तो. तुम्ही विचारलंत तर सांगेल."

फादरनी तिथेच फोन लावून स्पीकरवर टाकला. "एल्ड्रिन, मुलीकडे शब्द पक्का करण्याआधी विचारतो. तुझ्या मनात दुसरी कुणी आहे? असेल तर सांग. तुझ्या आईची समजूत मी घालतो."

जेसिंता ओट्याला धरून उभी होती.

"नाही फादर," एल्ड्रिन म्हणाला. "कुणीच नाही."

फादरनी फोन ठेवला.

"मी हे लग्न मोडतो," ते म्हणाले.

"नको. तुम्ही विचारलंत ना त्याला."

फादरनी ते लग्न लावलं नाही. दुसऱ्या कुणीतरी लावलं. एल्ड्रिनची बायको हॅलिफॅक्सला येणार हे कळल्यावर जेसिंताने दूर ग्वेल्फ शहरात नोकरी शोधली. तिकडच्या चर्चमध्येही ती दर रविवारी जाते. मिसाच्या, म्हणजे प्रार्थनेच्या शेवटी होऊ घातलेल्या लग्नांची नावं वाचायला लागले की उठून बाहेर येते, आणि गाडीत बसून राहते. आई फोनवर विचारते, "कुणी आहे का गं तिकडे?"

"नाही गं," ती म्हणते. "कुणीच नाही."