शंकरचा खांदा आणि मळ्यातली वांगी

आमच्या अनसिंगच्या हुतुतूच्या संघानं सामने किती जिंकले, ते आता कुणालाच नीट आठवत नाही. पण शंकरच्या उजव्या खांद्याचे किस्से इतके साठलेत, की एक सांगायला घ्यावा तर मागून दुसरा ढकलत येतो! मळ्यांना मोटेनं पाणी द्यायचे, तेव्हाच्या या गोष्टी.

*

सरावात आम्ही तिघांनी शंकरचा हात ओढला आणि त्याचा खांदा निखळला. अठरा वर्षांचा दांडगा गडी, पण ढसाढसा रडायला लागला. आम्ही घाबरून हाडवैद्य रामजीबुवांना घेऊन आलो.

बुवांनी त्याला आडवं केलं, काखेत टाच रोवली, हात धरला आणि शांतपणे विचारलं, "काय रे, मळ्यात वांगे लागले का?"

शंकरच्या घरचा भाजीचा मळा. बिचारा "हो" म्हणायला तोंड उघडतो, तोच खट्ट! खांदा जागेवर!

"बोलाच्या नादात गडी अंग ढिलं सोडते," बुवा म्हणाले आणि घरी गेले.

*

महिन्याभरात पुन्हा तेच. आता शंकर हुशार झाला होता.

"बुवा, वांग्याचं नाव काढू नका! मी नाही फसत आता!"

"बरं," बुवा म्हणाले. "भेंड्या लागल्या का?"

शंकरला फस्सकन हसू आलं. खट्ट!

*

मग त्याचे वडील, दगडूकाका, त्याला वाशीमला डॉक्टरांकडे घेऊन गेले. सोबत मी होतोच. डॉक्टर म्हणाले, "नेमका कसा निखळतो खांदा?"

शंकर आज्ञाधारक. त्यानं हात डोक्यावर नेला, मागे झुकवला. "असा!"

आणि खरंच निखळला की! डॉक्टर खुर्चीतून उठून उभे. शंकर कळवळून म्हणतोय, "डाक्टरसायब, मले वांग्याचं इचारा ना! लवकर इचारा!"

डॉक्टरांनी काकांकडे पाहिलं. "याच्या डोक्यालाही मार लागलाय का?"

खांदा बसवून त्यांनी बजावलं, की जितक्या वेळा निखळेल तितका तो सैल होत जाईल. घरी येताना काकांनी निकाल दिला, "आता एक डाव निखळला, त खेळ बंद! मोट काय मी एकटाच हाकू?"

शंकरचं तोंड एवढंसं झालं. हुतुतूशिवाय त्याला दुसरं काही सुचतच नसे.

*

पुढं आमच्याच एका गड्याचं लग्न होतं. मंगलाष्टकं संपली आणि शंकरनं जोरात अक्षता टाकल्या. अक्षता गेल्या नवरदेवावर आणि खांदा गेला खाली! काका तर दोनच रांगा पुढे बसलेले. आम्ही शंकरला मांडवामागे नेलं, बुवांना पंगतीतून उठवलं. त्यांनी तोंडातला लाडू न गिळताच वांगी विचारली!

परत आल्यावर काकांनी विचारलं, "कुठी गेला होता रे?"

"पत्रावळ्या आनाले."

काका नुसतं "हं" म्हणाले.

*

मग स्पर्धेत शेलूबाजारच्या संघाशी अखेरचा सामना. दोन्हीकडे गुण सारखे, शेवटची चढाई शंकरची. काका पहिल्याच रांगेत. बुवा नेमके परगावी!

शंकर "हुतुतू हुतुतू" करत आत घुसला. पाच जणांनी त्याला धरलं. एकानं उजवा हात ओढला आणि तो ओळखीचा आवाज आम्हाला रेघेच्या अलीकडे ऐकू आला. हात लोंबताना पाहून समोरचा गडी ओरडला, "अरे बाप्पा! हात तुटला याचा!" घाबरून पाचही जणांनी त्याला सोडलं.

पण पठ्ठ्याचा दम तुटला नव्हता! डोळ्यांतून पाणी, तोंडात "हुतुतू हुतुतू". धडपडत आला आणि मधल्या रेघेवर आडवा पडला. पाचही बाद! आम्ही नाचायला लागलो.

तेवढ्यात काका मैदानात आले. आमचा नाच तिथंच थांबला. शंकर डाव्या हातानं उजवा हात लपवत म्हणाला, "काही नाही झालं, बाबा. काहीच नाही."

काकांनी पायातली वहाण काढली. आम्हाला वाटलं, आता पोराला सगळ्यांसमोर मार बसणार!

त्यांनी वहाण बाजूला ठेवली, शंकरशेजारी खाली बसले, त्याच्या काखेत टाच रोवली आणि हात धरून म्हणाले, "काय रे शंकर, आपल्या मळ्यात वांगे लागले का?"