सतरा नंबर वैनी

पुस्तकातली कुठलीही व्याख्या वैनी आधी घरात किंवा गल्लीत तपासून घ्यायच्या, मगच पाठ करायच्या. 'रूढी म्हणजे कारण न विचारता पिढ्यान्‌पिढ्या पाळली जाणारी वागणूक,' असं मी वाचलं की त्या आत तोंड करून सासूला विचारणार, "आत्याबाई, मंगळवारी आपण सारवत का न्हाई?"

"आमच्या सासूबाई सारवत नव्हत्या म्हणून," आतून उत्तर यायचं.

"बरोबर हाय," वैनी मला म्हणायच्या. "फुडं वाच."

अकरावीनंतर लग्न लागलं आणि त्यांची शाळा सुटली. झरीला नांदायला आल्यावर काही वर्षांनी त्यांनी बाहेरून बारावीला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरला. गावातल्या सुनेनं असलं काही भरल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. पारावरच्या रिकामटेकड्यांनी लगेच नाव पाडलं, सतरा नंबर. वैनींच्या कानावर आलं तेव्हा त्या म्हणाल्या, "बरं झालं. वर्गात माझा कधी विसाच्या आत नंबर आला नव्हता."

बारावी झाली तर डी.एड., डी.एड. झालं तर मास्तरीण, असा त्यांचा सरळ हिशेब होता. नवरा परभणीला कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला. रविवारी यायचा आणि सांगायचा, "तू शिक, पण आईला तूच सांग." सासूनं एकच अट घातली होती, "एक डाव इम्तान देऊ दे. नापास झाली की हातात खुरपं." बाकीचे विषय वैनी एकट्या रेटत होत्या. समाजशास्त्राला मात्र वर्गात बसलेलं कुणीतरी हवं होतं. ती मी. वर्गात बसलेली म्हणजे वर्गात भांडलेली.

मी बौद्ध वस्तीतली. तेव्हा बारावीला होते आणि विद्यापीठाच्या नामांतराची पत्रकं लिहीत होते. नामांतर अजून झालेलं नाही, पत्रकं अजून लिहितेच आहे. गोड लिहायला मला येत नाही आणि शिकायचंही नाही. जातिव्यवस्थेची वैशिष्ट्ये लिहा, या प्रश्नाचं माझं उत्तर 'बंधूंनो, किती दिवस सहन करणार' इथून सुरू झालेलं पाहून वैनी हसत सुटल्या.

"हे उत्तर हाय का सभा?"

"खोटं आहे का एक तरी वाक्य?"

"समदं खरं हाय गं माय. पण पेपर तपासणारा मास्तर दुपारचं जेवून पेंगायलेला असतो. त्याला आधी व्याख्या दे. मग हाण."

पत्रक लिहिताना मी आजही आधी व्याख्या देते.

आम्ही त्यांच्या ओसरीवर बसायचो. एकदा ऊन तापलेलं, मी पाणी मागितलं. सासू तांब्या घेऊन आली आणि ओंजळ करायची खूण करून वरून ओतायला लागली. मी हात मागं घेतले. "काकू, तांब्या हातात द्या." "आमच्यात तसं न्हाई, पोरी." मी पुस्तक उचललं आणि सांगितलं की जिथं पाणी वरून ओततात तिथं बसून मी समाजशास्त्र शिकवणार नाही. परीक्षा तोंडावर होती, हे मला माहीत होतं. तरी निघून आले, आणि बरोबर केलं.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी वैनी आमच्या वस्तीत आल्या. डोक्यावर पदर, काखेत पुस्तक. माझ्या आईला काय करू नि काय नको झालं. तिनं चहा ठेवला. वैनी बाजेवर बसल्या, चहा प्याल्या आणि म्हणाल्या, "मावशी, साखर जरा कमी झाली." आईनं वर चमचाभर घातली आणि तिची भीती तिथंच संपली.

मग रोजच. तेव्हा आमचा 'सामाजिक नियंत्रण' हा धडा चालू होता. माणूस समाजाच्या रेषेबाहेर गेला की त्याला आत ओढायची साधनं त्यात दिली होती. कुचेष्टा, निंदा, अफवा, बहिष्कार. वैनी वाटेवरून उदाहरणं गोळा करून आणायच्या आणि दारातूनच सांगायच्या.

"आज कुचेष्टा झाली बघ. पारावरून शिट्टी वाजली."

"आज निंदा. पाटलीणबाई म्हणल्या, हिला वस्तीचं वारं लागलं."

"आज लय भारी. मी धर्म बदलायले म्हणून गावभर झालंय. अफवा लिही."

आई हसून हसून पदरानं डोळे पुसायची. माझं डोकं मात्र भडकायचं. मी म्हणाले, एकेकाचं नाव घालून पत्रक काढते. वैनींनी पेन काढून घेतलं. "नावं नको. माझी उदाहरणं हायत ती, पेपरात लागतील."

परीक्षा आठवड्यावर आली तेव्हा सासूनं शेवटचं सांगितलं. पुन्हा वस्तीत पाय ठेवला तर परीक्षेला घरचं कुणी सोबत येणार नाही, डबासुद्धा मिळणार नाही. सुनेनं एकटीनं परभणीला जाणं तेव्हा कुणाच्या कल्पनेतही नव्हतं. नवराही म्हणाला, आठ दिवस दम धर. हे सगळं वैनींनी आमच्या बाजेवर बसून सांगितलं, आणि पहिल्यांदाच त्या हसल्या नाहीत. आई म्हणाली, "लेकी, नको येत जाऊ. तुझं इम्तान मोठं, आमचं काय."

वैनी म्हणाल्या, "मावशी, अजून दोन धडे राहिलेत," आणि पुस्तक उघडलं.

समाजशास्त्राच्या पेपरला त्या एसटी स्टँडवर एकट्या आल्या. हातात फक्त पॅड. आईनं माझ्या फडक्यात दोघींच्या भाकरी बांधल्या होत्या. गाडी हलल्यावर वैनी म्हणाल्या, "बहिष्कार तेवढा राहिला होता. आज तो बी झाला. धडा पुरा झाला बघ."

प्रश्न आला, सामाजिक नियंत्रणाची अनौपचारिक साधने सोदाहरण स्पष्ट करा. वैनींनी पुरवणी घेतली. बाहेर आल्यावर मी विचारलं, "झरीचं नाव घातलं का?"

"छे. 'एका गावात' असं लिव्हलं. नांदायचंय मला."

त्या पास झाल्या. समाजशास्त्रात माझ्यापेक्षा जास्त मार्क. मला वाईट वाटलं नाही, हे मी इथं जाहीर करते.

डी.एड.ला परभणीत नंबर लागला, नवऱ्यानं तिथंच खोली केली. निघायच्या दिवशी स्टँडवर सासूही आली होती, लेकासाठी ज्वारीचं पीठ घेऊन. मला बघून तिनं तोंड फिरवलं. "या पोरीनं नेली माझी सून," ती एसटीला ऐकवल्यासारखं म्हणाली. मी उत्तर देणार, तेवढ्यात वैनींनी पिशवी घेतली, सासूच्या पाया पडल्या, माझ्या पाठीत एक गुद्दा घातला. "दोघी निवांत भांडा. माझी गाडी सुटायली."

गाडी गेली. धूळ बसली तरी आम्ही दोघी तिथंच. माझ्याकडं न बघता सासूनं विचारलं, "पास झालेल्या बाया परत येत न्हाईत व्हय गं?"

एरवी माझ्याकडं प्रत्येक प्रश्नाला घोषणा तयार असते. मी म्हणाले, "येतात काकू. पण राहायला न्हाई."

ती चालायला लागली. मीही. गाव आणि वस्तीचा रस्ता फुटेपर्यंत आम्ही बरोबरच चाललो.