साडूंची दहा बोटं

ठाणे जिल्ह्यात माझ्या साडूंइतका भित्रा माणूस दुसरा नाही, हे मी पैजेवर सांगायला तयार आहे. पैज लावायची म्हटली तरी आधी तेच घाबरतील. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान, मुक्काम बाळकुम. कुकरची तिसरी शिट्टी झाली की ते उठून व्हरांड्यात जाऊन उभे राहतात. लिफ्टमध्ये शिरण्याआधी आतल्या मंडळींची वजनं मनातल्या मनात मिळवतात, आणि बेरीज वाढतेय असं वाटलं की सगळ्यांना नमस्कार करून जिन्यानं चालू लागतात. घोडबंदर रोडला लेकीनं तेविसाव्या मजल्यावर घर घेतलं, तेव्हा वास्तुशांतीला दिवसभर गॅलरीकडे पाठ करून बसले होते. जावई कौतुकानं खाडी दाखवायला लागला तर म्हणाले, “फोटो पाठव. घरी जाऊन सावकाश बघतो.”

यात त्यांचा दोष नाही. चौतीस वर्षं त्यांनी एका विमा कंपनीच्या क्लेम खात्यात काढली. माणसाला कुठे कुठे, कशाकशानं आणि किती साध्या कारणानं लागू शकतं, हे त्यांना जितकं ठाऊक आहे तितकं एखाद्या डॉक्टरलाही नसेल. आपण आंबा कापायला घ्यावा, तर ते आंबा कापताना झालेल्या अपघाताचा अर्ज आठवून सांगतात. कोणतं बोट गेलं तर किती टक्के, हा तक्ता त्यांना पाढ्यासारखा पाठ आहे. त्यांच्याकडे जेवायला गेलं की पोट भरतं, पण घरी परतताना रस्ता ओलांडायची हिंमत उरत नाही.

अशा माणसानं निवृत्तीनंतर रंधा मशीन घ्यायचं ठरवलं, तेव्हा आमच्या मेहुणीबाई रडायच्याच बाकी राहिल्या. रंधा मशीन म्हणजे बिडाचं एक लांब टेबल, त्याला मधोमध फट, आणि त्या फटीत भिंगरीसारखी फिरणारी धारदार पाती. त्यावरून फळी हातानं ढकलायची. फळी संपते तिथे हात असतो, एवढंच त्यातलं भय, पण ते पुरेसं आहे. साडूंना लाकडाचा नाद जुना. बायकोला झोपाळा करून देईन म्हणून त्यांनी अठ्ठावीस वर्षांपूर्वी सागाच्या चार जाड फळ्या आणून पलंगाखाली सरकवल्या होत्या. हातरंध्यानं त्या तासायच्या, तर आता खांदा साथ देत नव्हता. सुताराला बोलवावं, तर आपल्या घरात त्याला काही झालं तर जबाबदारी कोणाची, या प्रश्नावर गाडी अडायची. मेहुणीबाई एक दिवस शांतपणे म्हणाल्या, “मला झोपाळा नको. तुमची दहा बोटं हवीत. सकाळचा चहा मला तुमच्याच हातचा लागतो.” साडूंनी पलंगाखालच्या फळ्या बाहेर काढून भिंतीला उभ्या केल्या, तेव्हा ते ऐकणार नाहीत हे आम्हाला कळलं.

नवं मशीन परवडणारं नव्हतं, म्हणून जुन्याचा शोध सुरू झाला. गाडी माझी, कारण जुन्या मशीनपर्यंत पोचण्याआधी रिक्षात काही होऊ नये, अशी त्यांची इच्छा. मी डोंबिवलीहून बाळकुमला जायचो आणि त्यांना घेऊन निघायचो. त्यांची खरेदीची पद्धत अशी की मशीनकडे बघायचंच नाही. आधी विकणाऱ्याशी हस्तांदोलन करायचं आणि तेवढ्यात त्याची बोटं मोजायची. दहा असतील तर पुढची बोलणी. उल्हासनगरला एकाची नऊ भरली, तिथून आम्ही चहाही न घेता निघालो. भिवंडीचा माणूस उजवा हात खिशातून काढेचना, तेव्हा साडूंनी बाहेरूनच नमस्कार केला. डोंबिवलीच्या एमआयडीसीत एकाची मात्र दहाच्या दहा निघाली. मी सुटकेचा श्वास सोडतोय तोवर त्यानं मोबाइल मानेत धरून, कोणाशी तरी हसत बोलत, मशीनवरून फळी ढकलून दाखवली. साडू उलट्या पावलांनी रस्त्यापर्यंत गेले.

शेवटी आम्ही मोहन्याला पोचलो. विकणारे एक ऐंशीच्या घरातले मिस्त्री होते. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये मशीन, वर जुनी सतरंजी झाकलेली. साडूंनी सवयीनं हात पुढे केला. मिस्त्रींनी दिलेल्या हाताला अंगठा होता, पहिलं बोट होतं, आणि त्यापुढे फारसं काही नव्हतं. साडूंच्या कपाळावर घाम डवरला. ते वळणार, एवढ्यात मिस्त्री म्हणाले, “मोजून झाली? साडेसात आहेत. ह्याच मशीनवर गेलेली.”

साडू जागच्या जागी थांबले. मशीन खराब होतं का, असं त्यांनी कसंबसं विचारलं.

“मशीन चांगलंय. चूक माझी. तेव्हा मी त्याला भीत नव्हतो, गप्पा मारत काम करायचो.” मग त्यांनी सतरंजी बाजूला केली. “सहा जण बघून गेले. एकालाही घाम फुटला नाही, म्हणून दिलं नाही. तुम्हाला फुटलाय. तुम्ही न्या.”

चौतीस वर्षांत स्वतःची चूक आपणहून कबूल करणारा माणूस साडूंना पहिल्यांदाच भेटत होता. ते त्या शेडमध्ये स्टुलावर बसले आणि मशीनकडे त्यांनी पहिल्यांदा नीट बघितलं. मिस्त्रींची अट एकच होती. ज्या ज्या दिवशी मशीन चालेल, त्या त्या दिवशी काम संपलं की त्यांना फोन करून आकडा सांगायचा. बाकी गप्पा नकोत.

मशीन टेम्पोतून मोहन्याहून बाळकुमला आणायला चार हमाल आणि साडेतीन तास लागले, कारण साडूंनी ड्रायव्हरला तिसऱ्या गिअरवर जाऊ दिलं नाही. घरामागच्या गाळ्यात मशीन बसलं. त्यानंतर तीन आठवडे ते बंद मशीनवरूनच फळी ढकलायचा सराव करत होते, आणि मी मनापासून देवाला म्हणत होतो, हे असंच बंद राहू दे.

ज्या रविवारी ते सुरू करायचं ठरलं, त्या दिवशी मी साक्षीदार म्हणून हजर होतो. साडूंनी अंगठी काढली, घड्याळ काढलं, जानवं आत नीट खोचलं. मेहुणीबाई मेन स्विचवर हात ठेवून उभ्या राहिल्या. बटण दाबलं आणि जो आवाज उठला, तो ऐकून मला तिथून पळून जावंसं वाटलं. साडूंचे ओठ हलत होते. मला वाटलं रामरक्षा म्हणताहेत, पण ते बोटं मोजत होते. मग त्यांनी दोन्ही हातांत दोन लाकडी ठोकळे घेतले, त्या ठोकळ्यांनी फळी दाबली आणि पुढे ढकलली. मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा फळी पलीकडे पोचली होती आणि अठ्ठावीस वर्षं पलंगाखाली कोंडलेला सागाचा वास गाळाभर पसरला होता. पाती पूर्ण थांबेपर्यंत साडू हलले नाहीत. मग त्यांनी फोन लावला आणि म्हणाले, “दहा.” पलीकडून मिस्त्री म्हणाले, “बरं.” आणि फोन बंद झाला.

झोपाळ्याला आठ महिने लागले, कारण रविवारी संध्याकाळी एक तासच मशीन चालायचं. आता मेहुणीबाई संध्याकाळी झोपाळ्यावर बसतात. साडू स्वतः बसत नाहीत, छताच्या कड्यांवर त्यांचा भरवसा नाही. ते शेजारी वेताच्या खुर्चीत बसून पायानं हलके झोके देतात. झोपाळा झाल्यावर नातेवाइकांचे पाट आणि स्टुलं सुरू झाली, आणि दर रविवारचा मोहन्याचा फोनही.

गेल्या पावसाळ्यानंतरच्या एका रविवारी साडेपाचला माझा फोन वाजला. रविवारी या वेळी साडू मला कधीच फोन करत नाहीत. मी “हॅलो” म्हटलं, पलीकडे शांतता. किती गेली, कोणत्या हाताची, हॉस्पिटल कुठलं, असं मी ओरडूनच विचारत सुटलो.

“बोटं आहेत,” साडू हळू म्हणाले. “मिस्त्री गेले. सूनबाईंनी उचलला फोन. गुरुवारीच गेले म्हणे.” मग म्हणाले, “आता आकडा तुम्ही घ्याल का?”

ज्या माणसाच्या भित्रेपणावर मी तीस वर्षं हसलो, त्याला मी नाही म्हणू शकलो नाही. तेव्हापासून दर रविवारी पाच वाजले की मी डोंबिवलीत फोनसमोर बसून असतो. बायको चहा ठेवते, तो निवतो. सव्वापाचला मला ते टेबल दिसतं, साडेपाचला ती फट. पाच-दहा मिनिटं उशीर झाला तर मी चपला शोधायला लागतो. आपण फोन करून बोलायला गेलो आणि ऐन वेळी त्यांचं लक्ष उडालं तर, म्हणून उलटा फोनही करवत नाही. मोहन्याला तो म्हातारा माणूस दर रविवारी एकटा असाच बसत असेल, हे मला आता कळतं.

मग फोन वाजतो. साडू म्हणतात, “दहा.”

मी म्हणतो, “बरं.”