भोक नसलेली ट्यूब

शहरातल्या सदर भागात, माझ्या ऑफिससमोर, एक पंक्चरवाला बसायचा. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. संध्याकाळ झाली की तो राखेनं हात घासून धुवायचा, खिळ्यावरचा पांढरा सदरा चढवायचा आणि मागच्या गल्लीतल्या बुद्धविहाराकडे निघायचा. जाता जाता मला म्हणायचा, "चाला साहेब, वंदनेले."

मी रोज काहीतरी सांगायचो. घरी पाहुणे आहेत, डोकं दुखतंय, पांढरे कपडे नाहीत. तो नुसता हसायचा. मी मात्र सायकल मुद्दाम हळू चालवायचो, कारण विहारातल्या वंदनेचा संथ सूर कोपऱ्यापर्यंत माझ्यासोबत यायचा.

एका संध्याकाळी हवा गेलेली सायकल घेऊन मी त्याच्यापुढे उभा राहिलो. त्यानं ट्यूब घमेल्यातल्या पाण्यात बुडवून सावकाश फिरवली. पाण्यात तांबूस आभाळ हलत होतं. एकही बुडबुडा आला नाही. हवा मीच सोडली होती, हे त्याला कळलं.

"साहेब, हिले भोक नाही," तो हळूच म्हणाला. "न यायले बहाना लागते. यायले कायले पायजे?"

त्यानं हात धुतले आणि तांब्या माझ्या हातांवर धरला.