या वेळी हक्क भावानं सोडला

आमच्याकडे हक्कसोडपत्रावर सही करायची ती बहिणीनं. आईनंही केली होती, पुण्याला, माहेरच्या घरासाठी. मामांनी रीतीप्रमाणे साडी दिली. आई सांगायची, "टेबलाशी उभ्याउभ्याच सही केली. कुणी बस म्हटलं नाही." ती साडी तिनं कधी नेसली नाही, आणि सिंगापूरला येताना आणलीही नाही.

आई गेली तेव्हा तिनं मृत्युपत्र केलेलं नव्हतं. क्वीन्सटाउनचा तिचा जुना, छोटासा कॉन्डो कायद्यानं मला आणि ताईला निम्मा-निम्मा आला. ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी, बिनलग्नाची. आईची शेवटची नऊ वर्षं तिनं त्याच घरात काढली. आंघोळ, इन्शुलिन, डॉक्टर, सगळं तिनं केलं. मी वुडलँड्सहून रविवारी जायचो आणि थालीपीठ खाऊन परत यायचो. म्हणून मी मोठ्या ऐटीत जाहीर केलं, "ताई, या वेळी हक्क मी सोडतो. घर तुझं."

"आणि टॅक्स-बिक्स?"

"अगं, वारशावर इथे टॅक्स नाही. भावाबहिणीत फार तर नावाला स्टॅम्प लागेल. मी अकाउंटंट आहे की नाही?"

वकीलबाईंनी दोन मिनिटांत माझी अक्कल काढली. "इनहेरिट, नो टॅक्स लाह. बट यू गिव्ह युवर हाफ, दॅट वन गिफ्ट. गिफ्ट मस्ट पे स्टॅम्प ड्यूटी." तीही आजच्या बाजारभावावर, आणि भरायची घेणाऱ्यानं. पुण्याचे नियम डोक्यात घेऊन मी सिंगापुरात शहाणपणा मिरवत होतो. दुसऱ्याचे टॅक्स भरण्यात माझी हयात गेली, आणि स्वतःच्या बहिणीला मी खड्ड्यात घातलं होतं. ताई बुकित पंजांगच्या एका क्लिनिकमध्ये अर्धवेळ नोकरी करते. एवढी रक्कम तिच्यासाठी थोडीथोडकी नव्हती.

"मी भरतो," मी घाईघाईनं म्हटलं. "नाहीतर राहू दे निम्मं माझ्या नावावर. मी काय तुला बाहेर काढणार आहे?"

"नाही काढणार, माहीत आहे," ताई शांतपणे म्हणाली. "पण मग मी तुझ्या चांगुलपणावर राहीन, आणि उद्या तुझ्या मुलांच्या. हिस्सा तू दिलास, तो मी घेते. ड्यूटी मी भरणार."

तिनं एफडी मोडली. मी दोनदा वाद घातला, तिनं दोन्हीदा मला गप्प केलं. खरं सांगायचं तर मला तिचा इतका अभिमान वाटला की ऑफिसात चारचौघांना सांगत सुटलो, स्वतःच्या फजितीसकट.

सह्यांच्या दिवशी ताई इस्त्रीची कॉटनची साडी नेसून आली. माझी सही झाल्याबरोबर तिनं पिशवीतून शर्टपीस काढून माझ्या हातात दिला. "हक्क सोडणाऱ्याला कापड द्यायचं असतं," ती म्हणाली. मी हसलो, पण डोळे भरून आले. मग तिनं सही केली, सावकाश, पूर्ण नाव लिहून.

वकीलबाई कागद घेऊन उठल्या. मीही उठलो. ताई मात्र खुर्चीच्या हातांवर दोन्ही हात टेकून तशीच बसून राहिली.

"चल ना, ताई. झालं सगळं."

"थांब रे," ती म्हणाली. "आईच्या वाटचं जरा बसू दे."