किमचीतलं मोहरीचं तेल

आमच्या लखनौच्या विकास नगरात कोरियन रेस्टॉरंट निघालं, म्हणून लेक मला ओढतच घेऊन गेली. किमचीचा पहिला घास तोंडात घातला आणि माझं डोकंच फिरलं. मोहरीच्या तेलाचा भपकारा!

"कोरियन म्हणे! हे तर लखनौचं कोबीचं लोणचं झालं," मी वाढणाऱ्या भैयाला ऐकू जाईल अशी कडाडले. "शुद्ध फसवणूक आहे ही."

लेक शांतपणे खात राहिली. मग म्हणाली, "मम्मी, पिठलं तो तुम भी सरसों के तेल में बनाती हो. सोलापूरवाली आजी मूंगफली का तेल डालती है. असली तो वो है."

लहानपणापासून माझ्या हातचं पिठलं बोटं चाटत खाणारी ही पोरगी मला केव्हाच नापास करून बसली होती.